पोटासाठी परमुलुख आणि जिवाची हमी

परदेशी निघालेल्या माणसाला हितचिंतकांकडून जो उपदेश केला जातो, त्याचे स्वरूप सर्वत्र सारखेच असते. अपरात्री एकट्याने हिंडू नये, मुक्कामाची जागा पारखून घ्यावी, जवळ मोठी रक्कम बाळगू नये, कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि संकट ओढवलेच तर आपल्या देशाच्या वकिलातीकडे धाव घ्यावी. उपदेश रास्त आहे. तथापि त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. प्रवाशाला मुक्कामाची जागा निवडता येते, फिरण्याची वेळ ठरविता येते, न पटल्यास परत फिरता येते आणि त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असते, असे ते गृहीतक होय. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसे परमुलखात जातात. त्यांच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नसते.

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे निघतात. सरपण, पिठाची पोती, भांडी, कोंबड्या, तान्ही मुले, म्हातारी माणसे असा सारा संसार बरोबर असतो. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडे, तर कोणी राज्याची हद्द ओलांडून बेळगाव-बागलकोटच्या बाजूला. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हे लोक परक्या शिवारात कोपी घालून राहतात. नकाशावर हा प्रवास देशातल्या देशात असतो. पण गावचा पोलीस पाटील, ओळखीचा तलाठी, भावकी आणि सोयरे यांच्यापासून तुटलेल्या माणसाला कोल्हापूरही परदेशच असते. बेळगावपलीकडे तर बोलीही बदलते.

या माणसांच्या मजुरीची चर्चा पुष्कळ झाली आहे. संप झाले, लवाद बसले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यांच्या आरोग्याचीही चर्चा झाली. २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळून आले. तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पण मारहाण, कोंडून ठेवणे, पळवून नेणे आणि स्त्रियांवरील अत्याचार यांपासून या माणसांचे संरक्षण कोण करणार, हा प्रश्न मात्र दर आणि दवाखाना यांच्या मधल्या पोकळीत राहून गेला आहे.

धोका कोणापासून?

सामान्य प्रवाशाला भय असते ते अनोळखी गुंडाचे. ऊसतोड कामगाराच्या वाट्याला येणारी हिंसा बहुधा ओळखीच्या माणसाकडून येते आणि तिचे मूळ उचलीत असते. कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी होतो. वाहनमालक कारखान्याकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मुकादमाला देतो. मुकादम ती गावोगावच्या जोडप्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका कोयत्याची उचल आज पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा मागील देणे भागविण्यात हंगामापूर्वीच संपून जाते. हंगामात आजारपण, बाळंतपण, अवकाळी पाऊस यांमुळे खाडे पडतात. खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो आणि पट्टा पडताना उचल फिटलेली नसते.

अशा वेळी जोडपे मधेच निघून गेले तर ‘कोयता पळाला’ असे म्हटले जाते. पळाला तो कोयता, माणूस नव्हे; या भाषेतच पुढच्या हिंसेचे बीज आहे. मग शोध सुरू होतो. माणसाला गाडीत घालून आणणे, खोलीत कोंडणे, बायकामुलांना फडावर अडकवून नवऱ्याला पैसे आणण्यासाठी गावी पाठविणे, घरी राहिलेल्या भावाला किंवा बापाला उचलून नेणे, असे वसुलीचे प्रकार घडतात. तक्रार करावी तर उचल घेतलेली असतेच. त्यामुळे मार खाणाऱ्यालाच आपण चोर असल्यासारखे वाटू लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुकादमाची बाजूही समजून घेतली पाहिजे. तो बहुधा त्याच गावचा, कित्येकदा त्याच भावकीतला असतो. वाहनमालकाकडून घेतलेल्या रकमेपोटी त्याची जमीन गुंतलेली असते. दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन तिसरीकडे जाणारे कोयतेही असतात. रक्कम बुडाली की वाहनमालक मुकादमाला धरतात. मुकादमांनाच पळवून नेल्याच्या तक्रारीही पोलिसांत नोंदल्या गेल्या आहेत. ही साखळी अशी आहे की, तीत वरचा प्रत्येक जण आपले भय खालच्याच्या अंगावर ढकलीत जातो आणि शेवटी ते कोपीत निजलेल्या बाईपर्यंत व पोरापर्यंत येऊन थांबते. ज्याच्यासाठी ऊस तोडला जातो, तो कारखाना या साखळीच्या वरच्या टोकाला असतो. पण कामगाराशी त्याचा थेट करार नसल्याने त्याचे नाव या भांडणात येत नाही.

कायद्याची भूमिका मात्र नि:संदिग्ध आहे. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने, स्वातंत्र्य गहाण ठेवून घेतलेले कर्ज नष्ट झाले असे मानले. असे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यावर सोपविली. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, सक्तीचे श्रम दिसून आले तर त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे. उलट सिद्ध करणे हे मालकाचे काम. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे नाही. पण उचल हे फार तर एक देणे आहे. ते वसूल करायचे तर दिवाणी न्यायालय आहे. देण्यापोटी माणसाच्या देहावर हक्क सांगता येत नाही. त्याला कोंडणे, पळविणे, मारणे हा फौजदारी गुन्हाच आहे, मग बाकी कितीही असो.

हद्दीचा घोळ

गुन्हा घडतो एकीकडे आणि फिर्यादीचे घर असते दुसरीकडे. फड कोल्हापुरात, घर पाटोद्यात, मुकादम शिरूरचा, वाहनमालक सांगलीचा. मार खाल्लेला माणूस फडाजवळच्या ठाण्यात गेला की ‘हा तुमचा आपसांतला पैशाचा मामला, गावी जाऊन मिटवा’ असे ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर येते. गावच्या ठाण्यात गेला की ‘प्रकार तिकडे घडला, तिकडेच तक्रार द्या’ असे उत्तर मिळते. या दोन उत्तरांच्या मधे तीनशे किलोमीटरचे अंतर असते, आणि बुडणारी मजुरी वेगळीच. राज्याची हद्द मधे आली तर फिर्याद सांगायची कोणत्या भाषेत, येथून सुरुवात होते.

या घोळावर आता कायदेशीर तोडगा उपलब्ध आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच बजावले होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येईल असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. ज्या ठाण्यात माणूस पोहोचला, त्या ठाण्याने गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावा व योग्य ठाण्याकडे पाठवावा; फिर्यादीला त्याची प्रत विनामूल्य द्यावी. मारहाण झालेल्या माणसाला बीडहून माघारी पाठविण्याचे कारण आता उरलेले नाही. उरले आहे ते अज्ञान. फिर्यादीचे अज्ञान समजण्याजोगे आहे. ठाण्यातील अंमलदाराचे अज्ञान मात्र क्षम्य मानता येत नाही.

कोपीतील रात्र

स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. कोपीला दार नसते, मग कडी कोठून असणार? अड्ड्यावर दिवा नसतो, शौचालय नसते. बाईला पहाटे अंधारात आडोसा शोधावा लागतो आणि त्याच अंधारात फडाकडे चालू लागावे लागते. रात्री दोनला ट्रॅक्टर आला तर रात्री दोनला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे लागते. ‘अपरात्री बाहेर पडू नये’ हा उपदेश तिला कोणी करावा? तिची मजुरीच अपरात्री ठरलेली असते. मुकादम, वाहनचालक, मळ्याचा मालक, गावातील टवाळ यांपैकी कोणाचाही त्रास झाला तरी ती बोलू शकत नाही. कारण बोलले तर काम जाते आणि उचल तशीच राहते. नवऱ्याला सांगितले तर भांडण होते, आणि परमुलखात भांडण म्हणजे मार हे ठरलेले.

२०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने असंघटित स्त्रियांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची तरतूद केली. ही समिती ऊसतोड स्त्रीसाठीही आहे. परंतु तिच्याकडे तक्रार करण्याची मुदत तीन महिन्यांची असते, कारणे दाखविल्यास ती आणखी तीन महिने वाढते. आणि हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा. दिवाळीनंतर घडलेल्या प्रकाराची तक्रार गावी परतल्यावर करू म्हटले, तर मूळची मुदत केव्हाच सरलेली असते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज संध्याकाळी घरी परतणारी नोकरदार स्त्री होती. वर्षातून एकदा परतणारी नव्हती.

या असुरक्षिततेची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवावी तर धास्ती, बरोबर न्यावी तर दिवसभर ओसाड कोप्यांत धाकट्या भावंडांसह ती एकटी. यावर आईबापांना सुचणारा उपाय म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते सुमारे ४४ टक्के होते. याला केवळ अडाणीपणा किंवा रूढी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यात दारिद्र्य आहे, कोयता पुरा करण्याचा हिशेब आहे. पण मुलीच्या अब्रूची आणि जिवाची हमी कोणीच देत नाही म्हणून बापाने घाईने शोधलेली ती हमीही आहे. बालविवाहविरोधी व्याख्यानांनी हे भय जात नाही. त्यासाठी हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी योजलेली संत भगवानबाबा वसतिगृहे हंगाम सुरू होण्यापूर्वी उघडावी लागतील, आणि मुलींची वसतिगृहे आधी उघडावी लागतील.

पारपत्र असलेला आणि नसलेला

येथे समुद्रापार जाणाऱ्या मजुराशी तुलना करून पाहणे उपयुक्त ठरेल. आखाती देशांत जाणाऱ्या मजुराची फसवणूक व छळ होतो, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच्यासाठी १९८३ मध्ये उत्प्रवास अधिनियम झाला. माणसे नेणाऱ्या दलालाने नोंदणी केली पाहिजे, अनामत ठेवली पाहिजे असे ठरले. उत्प्रवासी संरक्षक नावाचे अधिकारी नेमले गेले. व्हिएन्ना येथे १९६३ साली झालेल्या करारानुसार, परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क मिळाला. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण निदान तो माणूस कोठे आहे, कोणी नेला आणि काही घडल्यास कोणाला विचारायचे, एवढे तरी कागदावर असते.

बीडहून निघालेल्या मजुराजवळ पारपत्र नाही आणि त्याला वकिलात नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. तो नावाप्रमाणेच राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. म्हणजे बेळगावला गेलेले जोडपे कायद्याच्या कक्षेत आणि त्याच गाडीतून कोल्हापुरात उतरलेले जोडपे कक्षेबाहेर! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. तरीही स्थलांतरिताची कल्पना राज्याच्या सीमेलाच बांधलेली राहिली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात परागंदा होणाऱ्यांची जबाबदारी राज्य शासनानेच उचलावयास हवी.

नोंद हीच ढाल

ती कशी उचलावी? साखर कारखान्याचा शेतकी विभाग या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. कोणत्या गटातील कोणत्या शेतकऱ्याचा किती गुंठे ऊस, कोणत्या जातीचा, कोणत्या तारखेला लावलेला आणि कोणत्या दिवशी तोडायचा, याची नोंद कारखान्याजवळ असते. तोडलेला ऊस काट्यावर किलोपर्यंत मोजला जातो. कोणती टोळी कोणत्या फडात आहे, हे गट कार्यालयाला रोज ठाऊक असते. उसाचा एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला तो तोडणाऱ्या माणसांची यादी ठेवणे अवघड आहे असे कोण म्हणेल?

ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे शासनाने २०२१ मध्ये ठरविले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत व शासनाने तितकीच भर घालावी अशी योजना झाली. या चौकटीत सुरक्षिततेचे कलम बसविणे अशक्य नाही. गावातून निघताना केलेली नोंद फडाजवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावी. प्रत्येक अड्ड्यावर दिवा, पाणी आणि दार असलेले शौचालय असावे. ठाण्यातील एका अंमलदाराने, शक्यतो स्त्री अंमलदाराने, आठवड्यातून एकदा अड्ड्यावर फेरी मारावी. मुकादमाची नोंद व्हावी आणि उचल रोख न देता बँकेमार्फत दिली जावी. म्हणजे किती दिले व किती फिटले याचा वाद काठीने सोडविण्याची पाळी येणार नाही, आणि प्रामाणिक मुकादमालाही संरक्षण मिळेल. दर हंगामात साखर आयुक्तांकडून कारखान्यांना गाळप परवाना घ्यावा लागतो. अड्ड्यांच्या व्यवस्थेचा दाखला त्या परवान्याला जोडला, तर पुढचे काम कारखाने आपण होऊन करतील. ज्या अटीवर धुराडे पेटते, ती अट पाळली जातेच.

जपण्याच्या काही गोष्टी

शासन हे सारे करीपर्यंत कुटुंबांनीही काही गोष्टी जपल्या पाहिजेत. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये. कोरा धनादेश देऊ नये. उचलीचा कागद दोन प्रतींत करून एक घरी ठेवावा. कारखान्याचे नाव, गट, तालुका आणि जवळचे ठाणे घरच्या माणसाला व ग्रामपंचायतीला कळवावे; फड बदलला की पुन्हा कळवावे. कोयत्याचा एकच भ्रमणध्वनी असेल तर तो केवळ पुरुषाच्या खिशात राहू नये. कोप्या एकमेकींना लागून घालाव्यात. बायांनी अंधारात जोडीनेच बाहेर पडावे. संकटात ११२ हा क्रमांक राज्याच्या हद्दीपलीकडेही चालतो. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० असून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वेठीच्या बळींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आकडे शाळेच्या भिंतीवर, एस. टी. स्थानकावर आणि दसऱ्याच्या मेळाव्यात लावले गेले पाहिजेत. कारण निघण्यापूर्वी सारा समाज एकत्र येतो तो तेथेच.

तथापि या दक्षतेची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्याला दार नाही, त्याला दार लावून घेण्याचा सल्ला देता येत नाही. सावधगिरी हे सुटवंग माणसाचे शस्त्र आहे. बांधलेल्या माणसाला आधी मोकळे करावे लागते. बीडचा कामगार परमुलखात जातो तो हौसेने नव्हे. त्याच्या शिवाराला पाणी आणि हाताला काम मिळाले तर तो गावातच राहील, हे खरे. पण तो दिवस उजाडेपर्यंत प्रत्येक हंगामात त्याला जावेच लागणार. पट्टा पडल्यावर कारखाना किती साखर झाली याचा ताळेबंद जाहीर करतो. त्याच दिवशी गेलेल्यांपैकी किती माणसे धडधाकट, न मारता, न नाडता घरी परतली, याचाही ताळेबंद राज्याने मागितला पाहिजे. तो मागितला जात नाही, तोवर महाराष्ट्राच्या साखरेची गोडी निर्भेळ म्हणता येणार नाही.